मोदू वाचलाच पाहिजे

माझ्या लग्नाच्या पंगतीत एक गृहस्थ मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून उभे राहिले आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गुण दोन, दोष चार!" ते आमचे ड्रॉइंगमास्तर. गुण असे, की मठ्ठा आंबट नव्हता आणि नवरामुलगा कमी बोलणारा होता. दोषांपैकी तीन जिलबीच्या वाट्याला गेले. चौथा काही सांगेनात. "तो बाईंना वर्षभरात आपोआप कळेल," म्हणाले आणि खाली बसून शेजारच्याला भाताचा आग्रह करू लागले. मला तो सहा महिन्यांतच कळला, पण तो विषय निराळा.

लालबागच्या एका शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवायची आणि मास्तर सगळ्या शाळेला चित्रकला. राहायलाही एकाच चाळीत, मी दुसऱ्या मजल्यावर, ते पहिल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत. म्हणजे सकाळी नळावर मास्तर, दिवसभर शाळेत मास्तर आणि संध्याकाळी गॅलरीत पुन्हा मास्तरच. माणूस वेडा होता का? होता. पण त्या वेडाला शिस्त होती. जगातली कुठलीही गोष्ट पाहिली की तिचे गुण आणि दोष मोजल्याशिवाय त्यांना घास जात नसे. आणि आधी गुणच. "दोष काय, आंधळ्यालाही ठेच लागली की सापडतो. गुण शोधायला डोळे लागतात, बाई," असं मला दिवसातून दोनदा ऐकवायचे.

या खोडीपायी त्यांचं लग्न राहिलं. मुलगी पाहायला गिरगावात गेले. पोह्यांचे गुण सांगितले, मुलीचे गुण सांगितले, तिथवर मंडळी खूश. मुलीचा दोष त्यांना एकही सापडेना. आता नुसते गुण सांगून उठायचं तर हिशेब अपुरा राहतो, म्हणून मास्तरांनी स्वतःचे सात दोष सांगितले, आणि तेही उदाहरणांसकट. मुलीच्या वडिलांनी दारापर्यंत पोचवलं आणि आतून कडी लावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज कुठं ना कुठं सभा, मोर्चा, हरताळ. चाळीतलं शेंबडं पोरसुद्धा "झालाच पाहिजे" म्हणत उठायचं. मास्तरही न चुकता सभेला जात, पहिल्या रांगेत बसत, घसा फुटेस्तोवर घोषणा देत. फक्त सभा संपली की उठायचे. एकदा एका बड्या वक्त्याला तोंडावर म्हणाले, "गुण एक, आवाज शेवटपर्यंत पोचला. दोष एक, मुद्दा नाही पोचला." लोक धावले अंगावर. मीच ओढून आणलं घरी. वाटेत म्हणतात कसे, "बाई, तुम्ही ओढता छान, पण बाही फाटते."

आता मशीनचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं.

मास्तरांनी चोरबाजारातून हातानं फिरवायचं एक छोटं सिनेमाचं मशीन आणलं होतं. मशीन मिळालं, पण त्यात घालायला सिनेमा कुठला? मग त्यांनी परळच्या एका माणसाकडून स्टुडिओतली वाया गेलेली फिल्म रद्दीच्या भावानं आणली. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ती बुचकळायची, घासून घासून जुनी चित्रं पुसायची आणि मग गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायची. आमच्या लुगड्यांच्या शेजारी नायक-नायिका धुऊन निघालेली ती पारदर्शक पट्टी वाऱ्यावर फडफडत असे. त्या पट्टीवर, एकेका बोटभर चौकटीत, मास्तर भिंग लावून टाकानं चित्र काढीत. शेकडो चित्रं. शेजारशेजारच्या दोन चित्रांत फरक म्हणाल तर हात तांदळाएवढा वर गेलेला. मूठ फिरवली की चित्र हलायचं. कार्टून म्हणतात ते! आमच्या चाळीत, आमच्या मास्तरांच्या हातचं.

त्याचा नायक मोदू. मोदू म्हणजे उकडीचा मोदक. त्याला दोन काटकुळे पाय, दोन हात आणि डोक्यावर कळ्यांचा तुरा. खलनायिका खवणीआत्या, म्हणजे आपली नारळ खवायची खवणी. दातांचं चक्र डोक्यावर घेऊन ती मोदूच्या मागं लागायची आणि मोदू दर रविवारी काही तरी युक्ती काढून निसटायचा. तळमजल्यावर गणपती बसायच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून खेळ व्हायचा. पडदा म्हणजे अण्णांचं धोतर. अण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि चाळीच्या गणपतीचे अध्यक्ष. पांढरंशुभ्र, बिनडागाचं धोतर चाळीत त्यांचंच. मास्तर मशीन फिरवता फिरवता सगळ्यांचे आवाज काढत. खेळ संपला की भिंतीला पाटी टेकवायची, मधोमध रेघ मारायची, डावीकडे गुण, उजवीकडे दोष, आणि पोरांनी सांगायचे. पाच वर्षांचं पोर उठून "मोदूची चड्डी मागच्या वेळी निळी होती" असं सुनवायचं आणि मास्तर मान खाली घालून म्हणायचे, "दोष मान्य."

पहिल्या रांगेत शालू बसायची. माझ्याच वर्गातली, आठ वर्षांची, अबोल. त्या वर्षी गोळीबार झाला त्यात तिचे वडील गेले. गिरणीतली पाळी संपवून घरी येत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. आजीनं पोरीला सांगितलं, "तुजो बापूस गावाक गेलोहा." झालं! चाळीनं तेच धरून ठेवलं. शालूनं विचारलं की गावाला, पत्र का येत नाही म्हणाली तर पाऊस आहे, पाऊस संपला की येतील. मीसुद्धा वर्गात तेच सांगितलं. एकदा शालूनं मास्तरांना विचारलं, तर हा गडी काही न बोलता उठून चालता झाला! आजी केवढी भडकली. "एक शब्द बोलाक काय जीभ झडली असती मेल्याची?" मास्तर मला म्हणाले, "पोरांना खोटं दाखवायचं नाही नि सांगायचंही नाही, बाई. माझ्याजवळ दुसरं आहे काय?" मला रागच आला होता त्यांचा.

आणि मग श्रावणातल्या एका रविवारी तो भाग आला.

खवणीआत्यानं मोदूला फसवून मोदकपात्रात घातलं. वर झाकण पडलं. आतून मोदू झाकण ठोठावतोय, वाफ सुटलीय. पोरं ओरडतायत, "युक्ती काढ रे!" पुढं मोदू ताटात आला. मग एक तोंड आलं. कुणाचं ते कळेना, नुसतं तोंड, अण्णांच्या अख्ख्या धोतराएवढं. जीभ आली, दात आले. आणि मग मास्तरांनी काय काढावं? आतून दाखवलं! म्हणजे आपण मोदूच्या जागी, आणि समोर दातांचा दरवाजा गिरणीच्या फाटकासारखा मिटत येतोय, उजेड बारीक होतोय, बारीक होतोय, संपला. काळं. आणि एकदम फिल्म संपून पांढरं धोतर. त्या दिवशी मास्तरांनी एकही आवाज काढला नव्हता. नुसती मशीनची खटखट.

माझ्यासारख्या घोडीच्या अंगावर काटा आला. आधी पुढच्या रांगेतल्या बंड्यानं भोकाड पसरलं आणि त्यामागून चाळीस पोरांनी. अशा कल्लोळातही मास्तरांनी पाटी मांडलीच. "गुण?" कुणीतरी हुंदके देत म्हणालं, "वाफ खरी वाटली." "दात चांगले काढलेत." "दोष?" "मोदू मेला!" "बंड्याला शू झाली!" मास्तरांनी दोन्ही लिहून घेतले.

मी नंतर फैलावर घेतलं त्यांना. "काय हे मास्तर? पोरांसाठी काढता की भुतांसाठी?"

"शालूनं विचारलं होतं, 'मोदू दर वेळी कसा वाचतो? सगळे थोडेच वाचतात?' मला उत्तर आलं नाही, बाई. म्हणून काढलं."

मी कपाळावर हात मारला. पोरीच्या त्या प्रश्नात काय होतं, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं.

पुढं जे झालं ते आमच्याच चाळीत होऊ जाणे. चारच दिवसांनी संकष्टी आली. घरोघर थोडेथोडे मोदक झाले आणि पोरं खाईनात! मोदकपात्रावर झाकण ठेवलं की रडायला सुरुवात. एकीनं गॅसबत्तीसारखे डोळे करून आईला विचारलं, "तू त्याला मारतेस?" शालूच्या आजीकडे ताटातले पाच मोदक गायब झाले. म्हातारी गॅलरीत येऊन ओरडायला लागली, "शेजाऱ्याच्या झिलान मोदक खयसर लपयल्यान कोण जाणां!" तिसऱ्या दिवशी वासावरून सापडले. पोरानं त्यांना चपलांच्या खोक्यात गादी घालून निजवलं होतं.

आणि शनिवारी दुपारी मोर्चा निघाला. बालगोपाळांचा. कागदी झेंडे घेऊन, "मोदू वाचलाच पाहिजे! मोदू वाचलाच पाहिजे!" असं गर्जत चाळीतून सुटले ते थेट नाक्यापर्यंत. जमावबंदी होती. नाक्यावरच्या साताऱ्याकडच्या हवालदारानं अडवलं. "कोन मोदू? कुठल्या गिरणीतला?"

"त्याला खाल्लं!"

"आँ? कुनी खाल्लं?"

"माहीत नाही, नुसतं तोंड दिसलं!"

हवालदार चौकशीला चाळीत आला. मास्तर म्हणाले, "बसा, दाखवतो." गोधड्या लावल्या, धोतर टांगलं, तो भाग दाखवला. हवालदार टोपी मांडीवर घेऊन बसला होता. उजेड झाला तरी उठेना. मग हळूच म्हणाला, "ह्ये लई वाईट झालं, मास्तर. फुडं काय हुतं?" मास्तरांनी पाटी पुढं केली. "आधी गुणदोष सांगा."

रविवारी अण्णांनी चाळीची सभा बोलावली. विषय एकच, मोदूचा हा भाग बरा की वाईट. तिसऱ्या मजल्यावरचे पेपरकाका, म्हणजे सगळ्या चाळीला पेपर मोठ्यानं वाचून दाखवणारे, तावातावानं उठले. "अहो, तुम्हाला कळलाच नाही तो! मोदू म्हणजे मुंबई! ते तोंड म्हणजे दिल्ली! काय रूपक आहे!" निम्म्या सभेनं टाळ्या वाजवल्या. मास्तर उभे राहिले. "नाही हो. मोदू म्हणजे मोदक." टाळ्या बंद.

अण्णा खवळले. "माझा नातू तीन रात्री झोपला नाही, आणि तुम्ही रूपक कसलं करता? मास्तर, बारा दिवसांवर चतुर्थी आली. बाप्पापुढं चाळीतली पोरं मोदक बघून रडणार? मोदूला जिवंत करा. नाहीतर अनंत चतुर्दशीला बाप्पाबरोबर तुमच्या मशीनचंही विसर्जन! आणि तोवर मी माझं धोतर काढून घेतो!" बायकांच्या बाजूला जे हसू फुटलं, ते अण्णांना कशाचं ते कळेना, म्हणून आणखीच चिडले.

मास्तरांचा चेहरा मात्र उतरला. अहो, त्या मशीनशिवाय त्या माणसाला होतं काय? बायको नाही, पोर नाही. रविवारी चाळीस पोरं त्यांना "दोष!" म्हणून ओरडायची, तेवढाच त्यांचा संसार. मी समजावलं, "काढा ना एक चित्र, मोदू टुणकन तोंडातून बाहेर! काय जातं तुमचं?" तर म्हणे, "चावून खाल्लेला बाहेर येत नाही, बाई. पोरांना माहीत आहे ते. मशीन जाईल तर जाऊ दे." आणि गॅलरीत बसून कोरी फिल्म घासू लागले. त्यावर काही काढायचं नसताना. मला इतकं वाईट वाटलं! पण हट्टाला औषध नाही.

औषध निघालं शालूच्या आजीकडं. नळावर मास्तर दिसले तशी हंडा आपटून म्हणाली, "मास्तरानू, मशीन बुडवूक निघालास, पण माका एक सांगा. खाल्लेला खय जाता?"

"पोटात."

"मगे पोटात काय झाला, ता दाखवल्यात? दातांकडेच थांबलात! अर्ध्यार सोडून दिल्यात आणि पोरांका रडवल्यात!"

मास्तरांच्या हातातली बादली कलंडली. "दोष मान्य!" असं ओरडत ते जिना चढले. पाणी तसंच वाहत होतं, म्हातारी शिव्या घालत होती. त्यानंतर दहा दिवस मास्तर शाळेला येत आणि थेट खोलीत जात. टाक, भिंग, दौत. बोटं काळी, डोळे लाल. मी डबा नेऊन दिला की न बघताच म्हणायचे, "गुण, मीठ आहे. दोष, थांबवता तुम्ही."

चतुर्थीला दुपारची आरती झाली. अण्णांनी धोतर दिलं, पण हातातली काठी सोडली नाही. नैवेद्याची एकवीस-एकवीस मोदकांची ताटं भिंतीपाशी ओळीनं मांडलेली, त्याकडं पोरं पाठ करून बसलेली. हवालदार दारात. मास्तरांनी मूठ फिरवली.

तेच काळं. मग लांब कुठंतरी दिवा लागला. मोदू घसरत घसरत चाललाय, धप्पकन पडला. वर बघतो तर काय! तीन मजली चाळ! गॅलऱ्या, दोऱ्यांवर वाळणारे कपडे, नळावर रांग, आणि रांगेत सगळे मोदक! आजवर खाल्लेले सगळे! जुनेपुराणे मोदक काठी टेकत चाललेत. गिरगावाकडून आलेले खव्याचे मोदक नाकं उडवत वेगळे उभे. उंदीरमामा दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन. "नाव? मोदू? दुसरा मजला, खोली नऊ. पागडी नाही." वरचे पैसे न मोजता मुंबईत खोली म्हटल्यावर मागून मोठी माणसंच ओरडली, "अरे वा!" मोदू गॅलरीत येऊन हात हलवतो, आणि चित्र मागं मागं येतं, तेव्हा कळतं की चाळ एका पोटात आहे, त्या पोटावर जानवं आहे आणि वर सोंड आहे. ते तोंड बाप्पाचं होतं!

काय तो गलका! मास्तर घामाघूम होऊन सगळे आवाज काढत होते. बंड्यानं उठून विचारलं, "मास्तर, आमच्या पोटात पण चाळ असते?"

"असायलाच हवी. पण अजून रिकामी असेल."

एवढंच ते बोलले, आणि हीच चूक झाली! रिकाम्या चाळीत भाडेकरू भरायचे म्हणून पोरं ताटांवर तुटून पडली. "हा पहिला मजला!" "हा दुसरा मजला!" पाच, आठ, अकरा! बंड्यानं गच्चीसुद्धा भरली. आयांनी ताटं ओढून घेतली तेव्हा कुठं थांबली. आणि तासाभरात चाळीच्या मागच्या बाजूला संडासांपुढं जी रांग लागली, तशी रांग रेशनलाही पाहिली नव्हती. अण्णा पोटाशी धरलेल्या नातवाला घेऊन रांगेत उभे होते. मास्तर दिसल्यावर म्हणाले, "गुण एक, पोरांनी मोदक खाल्ले. दोष मोजतो आहे, अजून संपले नाहीत." पण हसत होते. मशीन वाचलं.

मी मास्तरांना गाठलंच. "खोटं दाखवणार नव्हता ना? मग ही चाळ कुठली?"

"पोट आहे, हे खरं. आत काय आहे, ते पाहून आलेल्यानं मला दोष दाखवावा."

संध्याकाळी आरतीआधी पाटी मांडली. पोरं निस्तेज, पोटावर हात ठेवून बसलेली, पण गुण सांगायला अहमहमिका. डावी बाजू भरून गेली. "दोष?" म्हटल्यावर पोरं एकमेकांकडं बघू लागली. तेवढ्यात शालूनं हात वर केला. ती पोर पाटीच्या वेळी कधी बोलली नव्हती.

"दोष नाही," ती म्हणाली. "माझं काम आहे. मास्तर, त्या चाळीत आमच्या बाबांना तळमजल्यावर खोली द्या. त्यांचा गुडघा दुखतो."

आजीनं पदर तोंडात कोंबला. आम्ही सगळ्यांनी, सात महिने, गावाला गेलेत म्हणून सांगितलं होतं. पोरीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती विचारत राहिली होती, पत्र आलं का.

मास्तर म्हणाले, "देतो."

पुढच्या रविवारी तळमजल्याची खोली आली. दारात पायरीवर एक माणूस गुडघ्याला तेल चोळत बसलाय, मोदू त्याला चहा आणून देतो, तो हसतो. एवढंच. सगळ्यांनी शालूकडं पाहिलं. ती पाटीजवळ गेली, उजव्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाली, "एक दोष आहे. मिशी राहिली."

"दोष मान्य," मास्तर म्हणाले, आणि मला दिसलं की ते रडत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गॅलरीत आले, तर मास्तर भिंग लावून बसले होते. फिल्मचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं शालूच्या. एकेका बोटभर चौकटीत ते मिशी काढत होते आणि ती पट्टी उजेडात धरून सांगत होती, "आणखी जाड. त्यांची जाड होती." तीनशेच्या वर मिशा काढल्या त्यांनी. एकही तिनं तपासल्याशिवाय पुढं जाऊ दिली नाही.